गाडीच्या विमा कंपन्या नेमक्या कुणाच्या? मधेच मालक बदलला तर पॉलिसीचं काय?

गाडीतळ
गाडीचा विमा पुढच्या महिन्यात संपतोय. कोटेशनं मागवली तर निम्मी नावं ओळखीची, निम्मी बदललेली. रिलायन्स जनरल शोधलं की इंडसइंड जनरल उघडतं, बजाजच्या पाटीवरचं अलियान्झ गेलंय, कोटकच्या आधी झुरिच आलंय. शोरूमवाला 'कंपनीचाच इन्शुरन्स घ्या' म्हणतो, पण ही कंपनी गाडी बनवणारी की विमा देणारी, हे विचारलं की विषय बदलतो.

तर विचारायचं असं की मोठ्या वाहनविमा कंपन्यांची मालकी आज कुणाकडे आहे, ती आपली आपण कुठे तपासायची, आणि पॉलिसी चालू असताना मालक किंवा नाव बदललं तर क्लेम आणि एनसीबीवर (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सवलत) काही परिणाम होतो का? गाडी पेट्रोल, १२०० सीसी, सहा वर्षांची, एनसीबी ५० टक्के. 'सगळ्यात चांगली कंपनी कुठली' असे धागे ढिगाने आहेत, तो विषय इथे नको.

अधिभार
सरकारी चार आधी उरकतो. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा १०७ विमा कंपन्या या चौघींत मुरवल्या गेल्या. न्यू इंडिया मूळची दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये मुंबईत काढलेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती शेअर बाजारात आली, तरी ८५ टक्क्यांच्या वर हिस्सा केंद्र सरकारकडेच आहे. बाकी तिघी पूर्ण सरकारी. तिघींना एकत्र करायची घोषणा २०१८ च्या अर्थसंकल्पात झाली होती, २०२० मध्ये ती गुंडाळली. म्हणजे मालक एक असला तरी कंपन्या चार वेगळ्या, ताळेबंद वेगळे, नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचं पॅनलही वेगळं.

खाजगी कंपन्यांची जोडनावं का, हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. २००० साली क्षेत्र खुलं झालं तेव्हा परदेशी भागीदाराला २६ टक्क्यांची मर्यादा होती. २०१५ मध्ये ती ४९ झाली, २०२१ मध्ये ७४, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांची घोषणा झाली. ज्यांची वाटणी ७४-२६ दिसते, ती त्या पहिल्या मर्यादेची खूण. टाटा एआयजी तशीच आहे: ७४ टाटा सन्स, २६ अमेरिकेची एआयजी.

बजाज अलियान्झही तशीच होती, ७४ टक्के पुण्याच्या बजाज फिनसर्वकडे आणि २६ जर्मनीच्या अलियान्झकडे. मार्च २०२५ मध्ये अलियान्झचा हिस्सा बजाज समूहाने घ्यायचा करार झाला. सर्वसाधारण विमा कंपनीपुरती किंमत सुमारे १३,७८० कोटी. ही रक्कम पाहिली की २६ टक्क्यांत केवढा पैसा अडकला होता ते कळतं. नाव आता नुसतं बजाज जनरल इन्शुरन्स.

आयसीआयसीआय लोम्बार्डची गोष्ट जास्त गमतीची. सुरुवातीची भागीदार कॅनडाची फेअरफॅक्स. तिला भारतात दुसरी विमा कंपनी काढायची होती, पण एकीत दहा टक्क्यांच्या वर राहून दुसरीची प्रवर्तक होता येत नव्हतं. म्हणून २०१७ मध्ये तिने लोम्बार्डमधला हिस्सा दहाच्या खाली आणला आणि २०१९ मध्ये उरलेलाही विकला. ती दुसरी कंपनी म्हणजे गो डिजिट. कामेश गोयल आणि फेअरफॅक्स यांच्या प्रवर्तक कंपनीकडे तिचा मोठा हिस्सा, मे २०२४ पासून शेअर बाजारात. तेव्हा 'स्टार्टअप आहे, उद्या राहील का' ही शंका डिजिटबाबत घेताना मागे कोण उभं आहे तेही बघा.

लोम्बार्डने २०२१ मध्ये भारती अॅक्साचा सर्वसाधारण विमा पोटात घेतला. बदल्यात नवे शेअर दिल्यामुळे मालक आयसीआयसीआय बँकेचा हिस्सा ५० च्या खाली, ४८ च्या आसपास आला. बँकिंग कायद्यानुसार बँकेला एखाद्या कंपनीत एकतर ३० टक्क्यांपर्यंत राहता येतं किंवा ती सरळ उपकंपनी करावी लागते, अधेमधे लटकता येत नाही. म्हणून २०२४ मध्ये बँकेने बाजारातून शेअर घेऊन पुन्हा पन्नाशी ओलांडली. एचडीएफसी अर्गोमध्येही हेच गणित. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झाली, त्याआधीच हिस्सा ५० च्या किंचित वर नेला होता. बाकीचा जवळजवळ सगळा जर्मनीच्या म्युनिक री समूहातल्या अर्गोचा.

उरलेल्या झटपट:
एसबीआय जनरल: सुमारे ७० टक्के स्टेट बँक. ऑस्ट्रेलियाची आयएजी बाहेर पडली, तिची जागा प्रेमजी इन्व्हेस्ट आणि वॉरबर्ग पिंकसच्या कंपन्यांनी घेतली.
इफ्को टोकियो: ५१ इफ्को, ४९ जपानची टोकियो मरीन.
चोला एमएस: ६० मुरुगप्पा समूह, ४० मित्सुई सुमितोमो.
झुरिच कोटक: जून २०२४ पासून ७० टक्के स्वित्झर्लंडची झुरिच, ३० कोटक बँक.
फ्युचर जनराली: आता जनराली सेंट्रल. इटलीची जनराली, आणि फ्युचर समूहाच्या जागी सेंट्रल बँक ऑफ इंडिया.
रिलायन्स जनरल: अनिल अंबानींची रिलायन्स कॅपिटल दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, मार्च २०२५ मध्ये ती हिंदुजांच्या आयआयएचएलकडे (इंडसइंड इंटरनॅशनल होल्डिंग्ज) आली, म्हणून इंडसइंड.
झुनो म्हणजे पूर्वीची एडलवाईस जनरल. नावी जनरल म्हणजे पूर्वीची डीएचएफएल जनरल.

पाटीखालचं_वाच
अधिभार यांनी कंपन्यांचं सांगितलंच आहे. शोरूमच्या प्रश्नाचं मी बघतो, कारण जास्त लोक तिथेच फसतात.

'मारुती इन्शुरन्स' नावाची विमा कंपनी नाही. ती मारुती सुझुकी इन्शुरन्स ब्रोकिंग, म्हणजे दलाल. टाटा मोटर्सची टीएमआयबीएएसएल, ह्युंदाईची, महिंद्राची, सगळीकडे हाच प्रकार. टाटा मोटर्सच्या ब्रोकरकडून घेतलेली पॉलिसी टाटा एआयजीचीच असेल असं अजिबात नाही, ती न्यू इंडियाचीही निघू शकते. पॉलिसीबझारही ब्रोकरच, मालक शेअर बाजारात असलेली पीबी फिनटेक. क्लेमचे पैसे यातलं कोणीही देत नाही, देते ती पॉलिसीवर सही करणारी विमा कंपनी.

म्हणून पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि वरचा मोठा लोगो सोडून शेवटच्या पानाच्या तळाची बारीक अक्षरं वाचा. तिथे विमा कंपनीचं पूर्ण नाव, आयआरडीएआयचा (विमा नियामक) नोंदणी क्रमांक आणि सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) असतो. ब्रोकरचं नाव, कोड आणि परवाना क्रमांक 'मध्यस्थ' या रकान्यात वेगळे.

सीआयएनमधून बरंच कळतं. न्यू इंडियाचा बघा: एल६६०००एमएच१९१९जीओआय०००५२६. पहिलं 'एल' म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, नसेल तर 'यू'. पाच अंक व्यवसायाचे. 'एमएच' राज्य, पुण्याच्या निबंधकाकडे नोंदलेल्या कित्येक कंपन्यांना इथे 'पीएन' दिसेल. मग स्थापनेचं वर्ष. 'जीओआय' म्हणजे केंद्र सरकारची, खाजगी पब्लिक लिमिटेड असेल तर 'पीएलसी'. शेवटचे सहा अंक नोंदणीचे. नाव दहादा बदललं तरी हे सहा अंक सहसा तेच राहतात. त्यामुळे जुनी आणि नवी पॉलिसी एकाच कंपनीची आहे का हे बघायला याहून सोपी खूण नाही.

शोरूममधून विमा घ्यायची सक्ती नाही. 'बाहेरचा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही' हे अर्धसत्य आहे. त्या वर्कशॉपचं त्या विमा कंपनीशी टायअप असेल तर पॉलिसी कुठूनही घेतलेली असो, कॅशलेस मिळतं. कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून गॅरेजची यादी बघा आणि सर्व्हिस अॅडव्हायझरला एकदा फोन करून पक्कं करा, कारण याद्या शिळ्या असतात.

गाडीतळ
दोघांनाही धन्यवाद. सीआयएनचं हे माहीत नव्हतं. टक्केवारी स्वतः तपासायची तर कुठे? आणि मालक बदलल्यावरचं राहिलं.

दीर्घमुदत
प्रत्येक विमा कंपनीला दर तिमाहीला 'पब्लिक डिस्क्लोजर' साइटवर टाकावं लागतं. दुवा मुखपृष्ठाच्या अगदी तळाशी असतो. त्यात एनएल-९ उघडा, हिस्सेदारी तिथे आहे. एनएल-९ए मध्ये प्रवर्तक आणि इतर भागधारक तपशिलाने. शेअर बाजारात असलेल्यांची माहिती बीएसई-एनएसईवरही मिळते. डिस्क्लोजरच्या पानावर असाल तर एनएल-२० मधलं सॉल्व्हन्सीचं (देणी फेडायच्या ऐपतीचं) गुणोत्तर, एनएल-३७ मधले क्लेम आणि एनएल-४५ मधल्या तक्रारीही बघून घ्या. एनएल-३७ वाचताना 'मोटर ओडी' (आपल्या गाडीचं नुकसान) आणि 'मोटर टीपी' (तिसऱ्या माणसाचं नुकसान) हे रकाने वेगळे बघा. एकूण आकड्यात आरोग्यविम्याचे लाखो छोटे क्लेम मिसळलेले असतात, त्यावरून गाडीचं काहीच कळत नाही.

आता मालक बदलण्याचं. तीन प्रकार वेगळे धरा.

नुसते शेअर हस्तांतरित झाले (बजाज, कोटक): कंपनी तीच, करार तोच. काही करायचं नाही.

नाव बदललं: पॉलिसी नंबर, आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत), अॅड-ऑन (जादा संरक्षण) सगळं तसंच. नवीन प्रत हवी तर साइटवरून उतरवा, एंडॉर्समेंटचे (पॉलिसीत बदलाची नोंद) पैसे लागत नाहीत. गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर काही काळ जुनं नाव दिसू शकतं, महत्त्वाची ती मुदतीची तारीख.

कंपनी दुसरीत विलीन झाली (भारती अॅक्सा, त्याआधी २०१६ मध्ये एचडीएफसी अर्गोने घेतलेली एल अँड टी जनरल): देणी नव्या कंपनीवर जातात, चालू क्लेमही. इथे दोन गोष्टी अडतात. एक, जुनं अॅप आणि लॉगिन बंद पडतं, म्हणून पॉलिसीची पीडीएफ आणि क्लेमची पत्रं आधीच उतरवून ठेवा. दोन, गॅरेजचं टायअप जुन्या कंपनीशी असतं, ते नव्या कंपनीच्या यादीत येईलच असं नाही.

एनसीबी कंपनीचा नसतो, तुमचा असतो. कंपनी बदलली तरी ५० टक्के सोबत येतो. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते. मुदत संपून ९० दिवस उलटले तर मात्र जातो, मालक कोणीही असो.

नाव बदलाच्या काळात 'कंपनी बदलली, केवायसी पुन्हा करा, फरकाचे पैसे भरा' असे फोन येतात. चालू पॉलिसीसाठी असा कुठलाही फरक भरायचा नसतो. नूतनीकरणाचा दुवा मेसेजमधून उघडू नका, साइटवर स्वतः जा.

मालकाची ऐपत खरी कुठे लागते म्हणाल तर टीपीमध्ये. बंपर-बॉनेटचा ओडी क्लेम काही आठवड्यांत निकाली निघतो. अपघातात तिसऱ्या माणसाचा मृत्यू झाला तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो, पुढे हायकोर्टात, आणि वर्षं जातात. मृत्यू व इजेच्या भरपाईला टीपीत मर्यादा नाही. तेव्हा आज घेतलेल्या पॉलिसीचे पैसे देणारं कोणीतरी खूप वर्षांनीही उभं हवं. आयआरडीएआयची सॉल्व्हन्सीची किमान पातळी १.५० आहे. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड गेली काही वर्षं तिच्या खाली आहेत. सरकारने २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत त्यांच्यात १७,४५० कोटी ओतले. त्यामुळे त्या बुडू दिल्या जातील असं मला वाटत नाही, पण ही लेखी हमी नव्हे.

हडसनकाठ
अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी थोडी भर. इथे मालकीचा एक प्रकार आहे जो भारतातल्या वाहनविम्यात दिसत नाही: स्टेट फार्म ही म्युच्युअल, म्हणजे कागदोपत्री पॉलिसीधारकच मालक. लिबर्टी म्युच्युअल आणि नेशनवाइडही त्याच घराण्यातल्या. गायको १९९६ पासून पूर्णपणे वॉरन बफेंच्या बर्कशायर हॅथवेची. प्रोग्रेसिव्ह आणि ऑलस्टेट शेअर बाजारातल्या. फार्मर्स मजेशीर आहे: विमा एक्स्चेंजची मालकी पॉलिसीधारकांची, पण ती चालवून फी घेणारी फार्मर्स ग्रुप कंपनी झुरिचची. हीच झुरिच कोटकच्या आधी बसलेली. दरांची तुलना करताना सेफको आणि लिबर्टी म्युच्युअल ही दोन वेगळी कोटेशनं समजू नका, २००८ पासून सेफको लिबर्टीचीच.

अधिभार
गाडीतळ, एक राहिलं. तुमच्या १२०० सीसीला टीपीचा भाग जून २०२२ पासूनच्या दराने ३,४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. हा सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांत तोच. म्हणून कोटेशनची शेवटची बेरीज ताडून बघू नका, ओडीची ओळ बघा. स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये आयडीव्ही खाली आणलेला असतो किंवा ऐच्छिक कपात (क्लेममधली आपण स्वतः सोसायची रक्कम) २,५०० लावून ठेवलेली असते. सगळीकडे एकच आयडीव्ही, ऐच्छिक कपात शून्य आणि तेच अॅड-ऑन टाकून पुन्हा मागवा. सहा वर्षांच्या गाडीला झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई) काही कंपन्या देत नाहीत, तेही आधीच विचारा.

आणि क्लेम अडलाच तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. अर्जात कंपनीचं नाव मात्र पॉलिसीच्या तळाशी आहे तेच लिहा. ब्रोकरचं नको, क्लेम देणारी विमा कंपनीच असते.