सोमाली पद्धतीचे मटण आणि पास्ता घरी करताना काय चुकते?

प्रश्न (दारव्हा तालुक्यातून)
नमस्कार. माझे यजमान काही वर्षे दुबईत कामाला होते. तिथे त्यांच्या खोलीतला सोमाली सहकारी सुटीच्या दिवशी कोकराच्या मटणाचा टोमॅटोतला दाट रस्सा करून स्पॅगेटीवर वाढत असे, आणि त्या जेवणाची आठवण ते अजूनही काढतात. मागच्या रविवारी मी बोकडाचे मटण घेऊन, कांदा-खोबरे भाजून वाटण लावले आणि पास्ता रश्श्यातच शिजवला. पास्त्याचा लगदा झाला आणि चव आपल्या नेहमीच्या मटणाचीच आली. गावात कोकराचे मटण मिळत नाही. मूळ चवीच्या जवळ कसे जाता येईल?

उत्तर (नागपूर)
ताई, बोकडाच्या मटणाने काहीही बिघडलेले नाही. सोमालियातही ते आवडीने खातात. बिघडले ते वाटणामुळे. या पदार्थात खोबरे नाही, खसखस नाही आणि वर तरंगणारी तर्रीही नाही. सोमालियाचा दक्षिण भाग दीर्घकाळ इटलीच्या ताब्यात होता आणि १ जुलै १९६० रोजी स्वतंत्र झाला. पास्त्याला तिथे ‘बास्तो’ आणि या रश्श्याला ‘सूगो’ म्हणतात, ते दोन्ही शब्द इटालियनमधूनच आले. म्हणून हा भाकरी चुरून खाण्याचा पातळ रस्सा नव्हे, तर पास्त्याला चिकटून राहील इतका आटवलेला टोमॅटो आहे.

मसाल्याला ‘हवाश’ म्हणतात. दोन चमचे जिरे, दोन चमचे धणे, एक चमचा मिरे, बोटभर दालचिनी, सहा वेलच्या आणि चार लवंगा मंद आचेवर, रंग काळा होऊ न देता भाजून दळाव्यात आणि त्यात चमचाभर हळद मिसळावी. पाऊण किलो मटणाला यातला दीड चमचा पुरतो. सावजीच्या सवयीने हात सैल सोडू नये, कारण इथे मसाल्याने टोमॅटोला झाकायचे नसते. तिखट हवे असल्यास हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण आणि लिंबू यांची चटणी वेगळी वाढावी. सोमाली घरांतही तिखट चटणी ताटात बाजूलाच असते.

उत्तर (वणी)
वरील मसाला योग्य आहे, पण एक भर घालतो. टोमॅटो कुकरमध्ये घातल्यास रस्सा पाणचट राहतो. मटण आले, लसूण, मीठ आणि थोड्या पाण्यात कुकरला मऊ करून घ्यावे. मग कढईत दोन कांदे परतून, पाच-सहा पिकलेले टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत आटवावे, मसाला घालावा आणि शेवटी मटण त्याच्या पाण्यासह घालून उघड्यावर वीस-पंचवीस मिनिटे शिजू द्यावे. चूल असेल तर निखाऱ्यावर ठेवावे. पास्ता वेगळ्या, भरपूर खारट पाण्यात, पाकिटावरील वेळेपेक्षा मिनिटभर कमी उकडावा. पाकीट घेताना ते ड्युरम गव्हाच्या रव्याचे आहे ना, हे पाहावे. मैद्याचा पास्ता लवकर विरघळतो. आपल्याकडचा बन्सी गहू ड्युरमच आहे.

उत्तर (मोर्शी)
स्पॅगेटी मिळाली नाही तर उन्हाळ्यात काडीवर वळून वाळवलेले सरगुंडे वापरून पाहावेत. ते आपण आमरसासोबत खातो, पण पोकळ असल्यामुळे त्यांच्यात हा रस्सा छान शिरेल असे वाटते. आणि ताटात पिकलेले केळे अवश्य ठेवावे; सोमाली माणूस जेवताना त्याचा एकेक घास घेतो.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सांगितल्याप्रमाणे केले, आणि यजमानांनी न विचारता केळे सोलून ताटात ठेवले. रस्सा थोडा आंबट लागला, तो मी कांदा जास्त परतून पुढच्या वेळी सुधारणार आहे. सासूबाईंनी डब्यातले सरगुंडे आजच काढून ठेवले आहेत.