कॉन्फिगला रेजेक्स पुरतं म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा की

खानापूरकर: काल ग्रुपवर एकानं ऐटीत टाकलं, "कॉन्फिग स्ट्रिंगला पार्सर कशाला? रेजेक्सची एक ओळ, काम खल्लास." म्हणजे सेटिंगची ओळ नीट उलगडणारा प्रोग्राम नको, मजकुरातला नमुना शोधणारं एक सूत्र बस्स. खाली अंगठ्यांची रांग. अर्धविराम दिसला की तोडायचं, एवढीच तुमची अक्कल. पासवर्डातच अर्धविराम असला तर? मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये डेटाबेसला जोडायची ओळ असते, त्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये अशी व्हॅल्यू अवतरणात ठेवता येते, पण तुमच्या ओळीला अवतरण कळतंय होय? एका कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडं होतं. ऐन गाळपात कुणीतरी पासवर्ड बदलला, त्यात अर्धविराम. ओळीनं निम्माच पासवर्ड उचलला, लॉगिन बंद, उसाचे ट्रॅक्टर पार हमरस्त्यापर्यंत. अशा ओळी नीट जुळवणारा-वाचणारा डॉटनेटचाच डीबीकनेक्शनस्ट्रिंगबिल्डर तयार असताना ही हौस कशाला?

उद्यमबाग: पोस्ट माझीच. पासवर्डात अर्धविराम घालणाऱ्याला बोला की, मला काय बोलालाय? आमच्या मशीनला "पोर्ट=कॉम३;बॉड=९६००;पॅरिटी=इव्हन" एवढंच जातंय. लिहिणारा मी, वाचणारा मी. ह्याला पार्सर लिहीत बसू?

शहापूर_पेठ: २ जुलै २०१९ आठवा. साइटना सेवा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका रेजेक्सनं बॅकट्रॅकिंग करत, म्हणजे मागं फिरून पुन्हा पुन्हा जुळवत, सीपीयू खाल्ले, जवळपास २७ मिनिटं जगभरच्या साइट आडव्या.

उद्यमबाग: आलं क्लाउडफ्लेअर! मी गो भाषा वापरतोय. तिथलं इंजिन बॅकट्रॅकिंग करतच नाही, स्ट्रिंग वाढेल तेवढाच वेळ वाढतो. आधी वाचा, मग भीती घाला.

टिळकवाडी: तुमचं भांडण इंग्रजी अक्षरांपुरतं. कॉन्फिगमध्ये "गाव=बेळगाव" लिहा आणि पायथन भाषेच्या रेजेक्सवाल्या री मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लसनं, म्हणजे 'सलग शब्द' ह्या खुणेनं, शोधा. बेळगावचे 'ब', 'ळग', 'व' असे तुकडे येतात. काना-मात्रा त्याच्या लेखी शब्दात बसतच नाहीत.

निपाणीवाला: बघा! मराठीवर तिथंपण अन्याय.

टिळकवाडी: मर्दा, कन्नड लिपीत लिहून बघ, तेपण तसंच तुटतंय. सीमाप्रश्न नव्हे हा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संगणकी यादीत, ह्या खुणा 'मार्क' वर्गात आहेत, 'लेटर' नव्हे, आणि री फक्त अक्षर-आकडे धरतंय. पायपीआय ह्या पायथनच्या भांडारावरचं रेजेक्स मॉड्यूल घाल, नाव अखंड येईल.

निपाणीवाला: तुला सोपं आहे. शेताच्या उताऱ्यावर आमचं आडनाव दरवेळी नवीनच छापून येतंय. वडिलांचं एक, काकांचं दुसरं. बँक म्हणते दोघं भाऊच नव्हेत. तिथं कुठलं मॉड्यूल घालू?

शहापूर_पेठ: आमच्या आत्याचं तर रेशनकार्डावर आडनावच उडालंय! अर्ज दिला तर म्हणतात कन्नडमधून द्या.

टिळकवाडी: मग दे की कन्नडमधून. राहतोस कुठं?

निपाणीवाला: शहाणपणा शिकवू नकोस. तुझी पोरं इंग्लिश मीडियमला, तुला काय फरक पडतोय.

खानापूरकर: अरे, पासवर्डाचं बोलालो होतो मी!

उद्यमबाग: बरं बाबा, पासवर्ड असेल तिथं तुमचा बिल्डर वापरतो, ओवाळून. मशीनची ओळ आहे तशी राहणार.

खानापूरकर: राहू दे. उद्या पोर्टच्या नावात कुणी 'बरोबर'चं चिन्ह घातलं की फोन कर.

उद्यमबाग: घालणारा मीच, म्हटलं ना!

निपाणीवाला: ते आडनावाचं कुणी सांगणार आहे काय?