मदत हवी आहे: सर्वेक्षण करू की मुलाखती घेऊ?

नमस्कार मंडळी. 'पहिली नोकरी वर्षभरात सोडणारे तरुण' हा प्रबंधाचा विषय ठरलाय, पण पद्धतीपाशी गाडं अडलंय. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येसारखी खासगी गोष्टसुद्धा आकडेवारीतून धर्म आणि कुटुंबाशी जोडून दाखवली. ते वाचलं की वाटतं, प्रश्नावली काढावी आणि मोकळं व्हावं. मग जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबर वाचला की पंचाईत! त्याचं म्हणणं, माणूस स्वतःच्या कृतीला काय अर्थ देतो, हे कळल्याशिवाय स्पष्टीकरण अपुरंच. (सत्ता आणि विषमतेवर बोट ठेवणारा चिकित्सक दृष्टिकोन तूर्त बाजूला ठेवलाय, तेवढा दम नाही.) मार्गदर्शक म्हणतात, दोन्ही कर. पण ज्ञान कशाला म्हणायचं यावरच प्रत्यक्षार्थवाद (मोजून-पडताळून कळतं ते ज्ञान) आणि अन्वयार्थवाद (माणसं देतात तो अर्थ समजणं म्हणजे ज्ञान) यांचं पटत नसेल, तर एका प्रबंधात ते नांदणार कसे? अशी मिश्र पद्धत कुणी वापरली आहे का? आधी काय केलंत? निष्कर्ष जुळले नाहीत तेव्हा कसं निभावलंत?