मदत हवी आहे: दुसरी कयाक घ्यावी का?

मंडळी, माझ्याकडे नदीतली कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, निमुळती होडी) आहे. जेमतेम अडीच मीटर लांब, दोन्ही टोकं वर उचललेली. कोलाडला कुंडलिकेवर सकाळी धरणाचं पाणी सोडलं की ती मनासारखी वळते, फार जीव आहे तिच्यावर. पण तीच देवबागच्या खाडीत घातली की सरळ जातच नाही. प्रत्येक वल्ह्याला नाक भलतीकडे, त्यात समोरून वारा आला की दंड भरून येतात. समुद्राला पाच मीटरची, अरुंद, स्केगवाली (मागे तळाशी सरळ ठेवणारं पातं असलेली) हवी हे पटतं, पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती ठेवायची कुठे?

मधल्या लांबीची क्रॉसओव्हर (वाहत्या नदीत आणि संथ पाण्यात, दोन्हीकडे चालेल अशी) कुणी दोन्हीकडे वापरली आहे का? लाटांत कितपत सांभाळता येते? की सरळ दुसरी घ्यावी? पार्किंगमध्ये भिंतीला टांगली असेल तर कृपया फोटो टाका.