बकलिंग स्प्रिंग कीबोर्ड: जुना आयबीएम, नवा युनिकॉम्प की मॉडेल एफ? आणि बाहेरून मागवावा का?

शब्दवेडा:
दिवसाचे आठ तास टायपिंग हेच माझं काम, आणि आत्ताचा रबर डोमवाला (कीखाली रबराची टोपी असलेला) कीबोर्ड म्हणजे बोटं चिखलात रुतल्यासारखं वाटतं. मागच्या महिन्यात मित्राकडे आयबीएमचा मॉडेल एम अर्धा तास वापरला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. की दाबताना जोर वाढत जातो, मग आतली स्प्रिंग एकदम बाजूला वाकते (यालाच बकलिंग स्प्रिंग म्हणतात), टक् असा आवाज येतो आणि नेमकं त्याच क्षणी अक्षर उमटतं. बऱ्याच क्लिकी स्विचमध्ये आवाज करणारा भाग वेगळा आणि संपर्क जोडणारा वेगळा, इथे मात्र स्पर्श, आवाज आणि अक्षर तिन्ही त्या एकाच स्प्रिंगचं काम.
आता तीन पर्याय दिसतायत. ऐंशी-नव्वदच्या दशकातला जुना मॉडेल एम, आजही हेच कीबोर्ड बनवणाऱ्या युनिकॉम्प कंपनीचा नवा, नाहीतर आयबीएमच्याच त्याआधीच्या मॉडेल एफची नव्याने बनवलेली आवृत्ती. तिन्ही मला परदेशातूनच मागवावे लागणार. माझा कल युनिकॉम्पकडे आहे, पण पैसे एकदाच घालायचेत म्हणून विचारतोय.

जुनं_ते_सोनं:
जुनाच घ्या, दुसरा विचारच नको. माझ्याकडचा मॉडेल एम, भाग क्रमांक १३९१४०१ आहे, मागच्या लेबलवर १९८९ ची तारीख छापलेली आहे आणि आजही रोज वापरतो. कीकॅप पीबीटी नावाच्या टिकाऊ प्लास्टिकच्या, अक्षरं डाय सब्लिमेशनने प्लास्टिकच्या आतच मुरवलेली, त्यामुळे एकही पुसट झालेलं नाही. वजन दोन किलोच्या वर, टेबलावरून इंचभर सरकत नाही. युनिकॉम्पचे आधीचे ‘क्लासिक’ मॉडेल हातात घेतले की प्लास्टिक पातळ वाटतं, जुन्याची सर नाही त्याला.

दक्षिणवारा:
असा सरसकट सल्ला देऊ नका, मी पोळलोय यात. बाहेरून जुना मॉडेल एम मागवला, विकणाऱ्याने ‘तपासलेला, सगळ्या की चालतात’ असं लिहिलं होतं. खोका उघडून कीबोर्ड हलवला तर आत खुळखुळा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्प्रिंग ज्या प्लास्टिकच्या बॅरल प्लेटमध्ये बसतात ती मागच्या स्टीलच्या पत्र्याला प्लास्टिकच्याच रिव्हेटनी धरलेली असते. वयोमानाने ते रिव्हेट ठिसूळ होतात आणि प्रवासात एकदा आपटलं की टपाटप तुटतात, मग प्लेट सैल पडते आणि त्या भागातल्या की मेल्यासारख्या लागतात. परत पाठवायचा खर्च किमतीच्या निम्म्यावर जात होता म्हणून ठेवून घेतला. दोन शनिवार-रविवार बसून उरलेले रिव्हेट कापले, भोकं पाडली आणि एम-२ चे स्क्रू-नट बसवले. आज मस्त चालतो, पण शब्दवेडा यांना काम करायचंय की दुरुस्ती?

जुनं_ते_सोनं:
तुमचं नुकसान झालं हे वाईटच, पण दोष कीबोर्डाचा नाही, न विचारता घेण्याचा आहे. आधी व्हिडिओ मागवायचा, त्यात कीबोर्ड कानाशी धरून हलवायला सांगायचं आणि प्रत्येक की दाबून दाखवायला लावायची. पॅकिंग कसं करणार तेही लिहून घ्यायचं. इतका जड पत्रा आत असताना नुसत्या पातळ खोक्यात घातला तर कोपरा फुटणारच. आणि हो, पीएस/२ वाला (यूएसबीच्या आधीचा गोल प्लग) असेल तर नुसता प्लगचा आकार बदलणारा अडॅप्टर चालणार नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या, तोही पुरेसा करंट देणारा.

कपॅसिटर:
दोघंही मॉडेल एमवरच अडकलात. मूळ चीज मॉडेल एफ, १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेला. एममध्ये स्प्रिंग वाकली की खालची छोटी हातोडी मेम्ब्रेनवर (संपर्क जोडणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या थरांवर) आपटते, एफमध्ये मेम्ब्रेनच नाही, तिथे कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलतो आणि त्यावरून की ओळखली जाते. फरक बोटाला लगेच कळतो, दाब थोडा हलका, स्प्रिंग वाकण्याचा क्षण जास्त धारदार, आणि आवाजात एक घंटेसारखी किणकिण. शिवाय कितीही की एकदम दाबा, सगळ्या नोंदवल्या जातात, एममध्ये तीन की एकत्र दाबल्या तर काही जोड्या गळतात. जुना एफ मात्र मीही सुचवणार नाही. आयबीएमच्या जुन्या एक्सटी संगणकाचा ८३ की, नंतरच्या एटीचा ८४, मांडणी आजच्या सवयीची नाही, आणि आतला फोम भुगा झालेला असतो. नवी आवृत्ती घ्या, महाग आहे पण पुन्हा शोधत बसावं लागणार नाही.

सावनी:
मी उलट बाजूने बोलते. माझ्या शेजारच्या टेबलावर वर्षभर असा कीबोर्ड होता. वापरणाऱ्याला आवाज गोड लागतो हे खरं, पण फोनवर बोलताना समोरच्याला माझ्या आवाजाआधी ती टकटक ऐकू जायची. कुणी खोलीत झोपत असेल, मीटिंग असतील तर आधी त्यांना विचारा. एवढी जड वस्तू समुद्रापलीकडून आणायची, बिघडली की पुन्हा तिकडेच पाठवायची, त्यापेक्षा जवळ मिळेल तो हॉट-स्वॅप (सोल्डरिंगशिवाय स्विच बदलता येणारा) बोर्ड घेऊन त्यात क्लिकी स्विच लावा.

कपॅसिटर:
आवाजाचं पटलं, बाकी नाही. क्लिकी स्विच माझ्याकडे तीन प्रकारचे आहेत, एकालाही हा स्पर्श नाही. एमच्या स्प्रिंगमध्ये दातांच्या फ्लॉसचा छोटा तुकडा घातला तर किणकिण बरीच दबते, टक् मात्र राहतंच.

प्रवासी_पक्षी:
मागवणारच असाल तर विकणाऱ्याला खोक्यावर ‘भेट’ लिहून किंमत कमी दाखवायला सांगा, कस्टमचे पैसे वाचतात.

दक्षिणवारा:
कृपया असं करू नका. एक तर ते खोटं निवेदन आहे, आणि पार्सल हरवलं की विमा कागदावरच्या किमतीपुरताच मिळतो. बऱ्याच देशांत ड्यूटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर नाही तर भाडं आणि विमा धरून एकूण रकमेवर लागते, त्यात कुरिअर आपली वेगळी फी लावतो. हे सगळं आधी कागदावर मांडा आणि मगच ठरवा. जुन्या मालाच्या आयातीला काही ठिकाणी वेगळे नियम असतात, तेही बघा.

शब्दवेडा:
सगळं दोनदा वाचलं. सावनी, घरात विचारलं, माझी खोली वेगळी आहे आणि दार बंद करायचं कबूल केलंय. एफ मनात भरला पण एवढे पैसे आत्ता नाहीत. युनिकॉम्पच घेतोय. ती माणसं अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनमध्ये त्याच जुन्या यंत्रसामग्रीचा वारसा घेऊन १९९६ पासून हे बनवतायत, यूएसबी आहे, विंडोज की आहे, आणि काही बिघडलं तर सुटा भाग बनवणाऱ्याकडेच मिळेल. पातळ प्लास्टिकची तक्रार वाचली, पण न्यू मॉडेल एम नव्या साच्यांतून येतो म्हणून तोच निवडला. नमपॅड नसलेला त्यांचा मिनी एम पण बघितला, आकडे खूप टाइप करतो म्हणून नमपॅड सोडवला नाही. जादा कीकॅप त्याच ऑर्डरमध्ये घेतोय, नंतर चार कॅपसाठी वेगळं भाडं कोण भरणार.

जुनं_ते_सोनं:
मला नाही पटलं, पण बोटं तुमची. आला की एक करा, प्रत्येक की सावकाश दाबून ऐका. एखादी मऊ लागली, टक् झालं नाही, तर लगेच परतीचा अर्ज करू नका. ती कॅप काढा, कीबोर्ड उभा धरा, स्पेसबार छताकडे, आणि तसाच धरून कॅप परत बसवा. स्प्रिंग योग्य बाजूला कलते आणि बहुतेक वेळा की तिथल्या तिथे जागी होते.