बोराकायला करिंदेरियात जेवाच

फिलिपिनो जेवण नुसतं गोडसर असतं, त्यापेक्षा रिसॉर्टमध्येच खा, असं काही जण सांगतात, ते मला अजिबात पटलं नाही. आम्ही फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटावर पाच दिवस होतो आणि नाश्ता सोडला तर सगळं बाहेरच जेवलो. तिथे करिंदेरिया म्हणून छोट्या खानावळी असतात, भाज्या-कालवणं मांडून ठेवलेली, आपण बोट दाखवायचं की वाढून देतात, म्हणून त्यांना तुरो-तुरोही म्हणतात. सिनिगांग घ्याच, चिंचेचं आंबट पातळ कालवण, गरम भातावर ओतून इतकं छान लागतं की आम्ही तीनदा खाल्लं. आणि लाइंग! अळूची पानं नारळाच्या दुधात मिरची घालून शिजवलेली, मूळ फिलिपिन्सच्याच बिकोल भागातला पदार्थ, अळूचं फदफदं आवडणाऱ्याला पहिल्याच घासाला ओळखीचा वाटेल.

फक्त शाकाहारी मंडळींनी नीट विचारून घ्या कारण लाइंगमध्ये किंवा पिनाकबेतसारख्या साध्या दिसणाऱ्या भाजीतसुद्धा बागोओंग म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची किंवा माशाची पेस्ट असते, नुसतं मटण-चिकन नको सांगून भागत नाही.

मासे खाणाऱ्यांनी दी तालिपापा बाजारात जा, तिथे ताजी कोळंबी, खेकडे घासाघीस करून घ्यायचे आणि शेजारच्या हॉटेलात शिजवून घ्यायचे, याला पालुतो म्हणतात. शिजवण्याचे पैसे वेगळे, सहसा किलोवर, ते आधी ठरवा. वरून कालामान्सी पिळायला विसरू नका, इवलंसं लिंबू पण वास काय सुंदर!