व्ह्यूएक्सचे मॅपस्टेट, मॅपअ‍ॅक्शन्स सेटअपमध्ये चालत नाहीत. पिनियावर जाताना हेल्परचं काय करायचं?

रिकामा_अ‍ॅरे

अ‍ॅप्लिकेशन व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या २ वरून ३ या आवृत्तीवर आणलं आहे. स्टोअर, म्हणजे सगळ्या कंपोनंटची सामायिक माहिती ठेवायची जागा, अजून व्ह्यूएक्स ४ या लायब्ररीतच आहे आणि सगळी मॉड्यूल्स नेमस्पेस्ड (स्वतःच्या नावाखाली वेगळी ठेवलेली) आहेत. जुने कंपोनंट ऑप्शन्स एपीआयमधले, म्हणजे कम्प्युटेड (इतर किमतींवरून आपोआप निघणाऱ्या किमती), मेथड्स असे ठरलेले कप्पे असलेल्या पद्धतीचे. त्यांच्यात कम्प्युटेडमध्ये मॅपस्टेट आणि मॅपगेटर्स, मेथड्समध्ये मॅपअ‍ॅक्शन्स आणि मॅपम्युटेशन्स असा सरधोपट प्रकार आहे आणि तो बिनतक्रार चालतो.

नवे कंपोनंट स्क्रिप्ट सेटअपमध्ये (व्ह्यू ३ च्या नव्या लेखनपद्धतीत) लिहायला घेतले तिथे घोडं अडलं. मॅपस्टेटमधून मिळालेलं फंक्शन कम्प्युटेडला दिलं की स्टेट वाचताना टाइपएरर येतो. म्हणून यूझस्टोअर घेऊन प्रत्येक नावासाठी हाताने कम्प्युटेड लिहायला लागलो, पण एकेका कंपोनंटमध्ये तशा दहा-बारा ओळी होतात. त्या गुंडाळून ठेवणारा स्वतःचा हेल्पर लिहावा का?

दुसरं असं की शेवटी पिनियावर, म्हणजे व्ह्यूएक्सच्या जागी आलेल्या स्टोअर लायब्ररीवर, जायचंच आहे. चाचणीसाठी एक मॉड्यूल पिनियात नेलं, स्टोअर डिस्ट्रक्चर करून टेम्पलेटमध्ये वापरलं, तर पहिल्यांदा आकडा बरोबर दिसतो आणि नंतर हलतच नाही. अ‍ॅक्शन मात्र चालतात. दोन्ही गोष्टींमागचं कारण एकच आहे का? आणि जुने कंपोनंट पुन्हा न लिहिता स्टोअर बदलता येतं का?

अर्धविराम

कारणं दोन वेगळी आहेत, पण नातेवाईक आहेत.

आधी व्ह्यूएक्स. मॅपस्टेटला नावांची यादी दिली की तो प्रत्येक नावासाठी एक साधं फंक्शन बनवतो आणि सगळी एका ऑब्जेक्टमध्ये भरून परत देतो. एवढंच. त्या फंक्शनच्या आत पहिल्याच ओळीत ‘धिस’वरचा (ज्याच्यासाठी फंक्शन चालतंय त्या ऑब्जेक्टवरचा) $स्टोअर शोधला जातो. ऑप्शन्स एपीआयमध्ये व्ह्यू हे फंक्शन चालवताना ‘धिस’च्या जागी कंपोनंट ठेवतो, म्हणून $स्टोअर सापडतो. सेटअपमध्ये कंपोनंट ‘धिस’ म्हणून उपलब्धच नसतो. तिथे ‘धिस’ एकतर अनडिफाइन्ड असतो किंवा कम्प्युटेडचं स्वतःचं अंतर्गत ऑब्जेक्ट असतं, आणि त्याच्यावर कुठला आलाय $स्टोअर. तुमचा टाइपएरर तो हाच.

उपाय सोपा आहे: त्या फंक्शनला हवा तो ‘धिस’ आपणच द्यायचा. हेल्पर असा लिहा. त्याने नेमस्पेस आणि नावांची यादी घ्यायची, आत यूझस्टोअर बोलवायचा, मग मॅपस्टेटला तीच नेमस्पेस आणि तीच यादी द्यायची. जे ऑब्जेक्ट मिळेल त्यातल्या प्रत्येक फंक्शनवर बाइंड चालवायचा; बाइंडला द्यायचं ते फक्त $स्टोअर ही एकच की असलेलं छोटं ऑब्जेक्ट, आणि तिची किंमत म्हणजे यूझस्टोअरने दिलेला स्टोअर. बाइंड झालेलं फंक्शन कम्प्युटेडला द्या आणि सगळे कम्प्युटेड एका ऑब्जेक्टमध्ये परत करा. सात-आठ ओळींत होतं. मॅपगेटर्ससाठी हीच युक्ती जशीच्या तशी. अ‍ॅक्शन्ससाठी बाइंड पुरे, कम्प्युटेडमध्ये गुंडाळू नका.

बाइंड टाळून स्टेटमधून थेट वाचणारे हेल्पर बरेच जण लिहितात. ते एका पातळीपर्यंत ठीक चालतात आणि नेमस्पेसमध्ये तिरकी रेघ आली की गळपटतात. ‘ऑर्डर/पेमेंट’ अशा आतल्या मॉड्यूलची स्टेट एकात एक असते, म्हणजे आधी ऑर्डर आणि त्याच्या आत पेमेंट. गेटर मात्र सपाट नावाने ठेवलेले असतात, पूर्ण मार्ग हीच त्यांची की. त्यामुळे एकच स्ट्रिंग घेऊन गेटर सापडतो आणि स्टेट अनडिफाइन्ड येते. मूळ मॅपस्टेट मॉड्यूल शोधून त्याची स्टेट वाचतो, म्हणून त्याला हा त्रास नाही.

याच शोधाची एक बाजू लक्षात ठेवा. नेमस्पेस चुकली किंवा मॉड्यूलमध्ये नेमस्पेस्ड ट्रू लिहायचं राहिलं, तर डेव्हलपमेंटमध्ये कन्सोलवर एरर उमटतो. प्रॉडक्शन बिल्डमध्ये तोही नाही, मुकाट अनडिफाइन्ड मिळतो.

आता पिनिया. पिनियाचं स्टोअर हे रिअ‍ॅक्टिव्ह ऑब्जेक्ट आहे, म्हणजे त्यातली किंमत बदलली की पान आपोआप बदलतं. डिस्ट्रक्चर करणं म्हणजे त्या क्षणीची किंमत वाचून साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवणं. आकडा किंवा स्ट्रिंग असेल तर दुवा तिथेच तुटतो. आतलं ऑब्जेक्ट किंवा अ‍ॅरे असेल तर मात्र ते स्वतः रिअ‍ॅक्टिव्ह असल्याने त्यात पुश केलेलं दिसत राहतं, आणि स्टोअरने अख्खा अ‍ॅरे बदलला की मगच बिघडतं. म्हणून हा बग कधी दिसतो, कधी नाही. स्टोअरटूरेफ्स वापरा. तो स्टेट आणि गेटर्स यांचे रेफ (मूळ किमतीशी जोडलेले दुवे) बनवतो आणि अ‍ॅक्शन्स वगळतो. अ‍ॅक्शन थेट स्टोअरमधून डिस्ट्रक्चर केल्या तरी चालतात, कारण त्या स्टोअरला आधीच बांधलेल्या असतात. तुमच्याकडे ‘अ‍ॅक्शन मात्र चालतात’ ते यामुळे.

तळटीप

वरचा बाइंडचा हेल्पर बरोबर आहे, पण पिनियावर जायचं नक्की असेल तर त्यात फार जीव ओतू नका. टाइपस्क्रिप्टमध्ये त्याला नीट टाइप देणं हा वेगळाच खटाटोप आहे. व्ह्यूएक्सचे गेटर मुळातच ‘एनी’ असतात.

जुने कंपोनंट न मोडता स्टोअर बदलता येतं, आणि याच क्रमाने जावं असं माझं ठाम मत आहे: आधी स्टोअर, मग कंपोनंट. दोन्ही एकदम बदललं तर बिघाड कुठल्या बाजूचा ते कळत नाही. व्ह्यूएक्स आणि पिनिया एकाच अ‍ॅपवर शेजारी-शेजारी लावता येतात, त्यामुळे एकेक मॉड्यूल हलवा. ज्या मॉड्यूलवर बाकीची सगळ्यात कमी अवलंबून आहेत तिथून सुरुवात करा. रूटगेटर्स आणि रूट ट्रू असलेले डिस्पॅच शोधले की ते अवलंबित्व लगेच दिसतं.

पिनियातही मॅपस्टेट आणि मॅपअ‍ॅक्शन्स आहेत, ऑप्शन्स एपीआयसाठीच ठेवलेले. कंपोनंटमध्ये इम्पोर्टची ओळ बदलते आणि पहिल्या आर्ग्युमेंटला नेमस्पेसच्या स्ट्रिंगऐवजी स्टोअरचं फंक्शन द्यायचं, न बोलावता. गेटर्सही मॅपस्टेटमध्येच जातात. मॅपगेटर्स हे तिथे फक्त त्याचं जुनं टोपणनाव आहे आणि ते डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नये असं) आहे. म्युटेशन पिनियात नाहीतच, तेव्हा मॅपम्युटेशन्समधली नावं मॅपअ‍ॅक्शन्समध्ये हलतात. नुसती किंमत ठेवणाऱ्या म्युटेशनसाठी अ‍ॅक्शन बनवायचीही गरज नाही.

वरवर नावं तीच दिसतात म्हणून शोधा-आणि-बदला चालवून मोकळे होऊ नका. हे फरक त्यात सुटतात:

व्ह्यूएक्सच्या अ‍ॅक्शनला पहिलं आर्ग्युमेंट कॉन्टेक्स्ट मिळतं, पिनियात ते नाही. ते काढायचं राहिलं तर पेलोड (बोलावताना दिलेली माहिती) कॉन्टेक्स्टच्या जागी जाऊन बसतो आणि पेलोडच्या जागी अनडिफाइन्ड येतो.

व्ह्यूएक्सचा डिस्पॅच कायम प्रॉमिस देतो. पिनियाची अ‍ॅक्शन साधं फंक्शन आहे, जे रिटर्न कराल तेच मिळेल. सिंक अ‍ॅक्शनच्या मागे कुणी ‘देन’ लावून ठेवलं असेल तर ते फुटतं. अवेट दोन्हीकडे चालतं.

मॅपस्टेटच्या ऑब्जेक्ट रूपात व्ह्यूएक्स फंक्शनला स्टेट आणि गेटर्स अशी दोन आर्ग्युमेंट देतो. पिनिया एकच देतो, अख्खं स्टोअर. पहिल्यावरून वाचणारी फंक्शनं योगायोगाने चालत राहतात, दुसऱ्यावरून वाचणारी टाइपएररने पडतात. फंक्शनच्या आत कंपोनंटचं काही ‘धिस’वरून हवं असेल तर अ‍ॅरो फंक्शन नको, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

रिकामा_अ‍ॅरे

स्टोअरटूरेफ्सने आकडा हलायला लागला. बाइंडचा हेल्परही चालला, आतल्या मॉड्यूलसकट.

एक राहिलं. काही जुन्या फॉर्ममध्ये मॅपस्टेटमधल्या किमतीवर थेट व्ही-मॉडेल (फॉर्मचा रकाना किमतीला दोन्ही बाजूंनी जोडणारं) लावलेलं आहे. पिनियाच्या मॅपस्टेटने तिथे कम्प्युटेड रीडओन्ली असल्याची वॉर्निंग येते. मॅपरायटेबलस्टेट सगळीकडे लावून टाकू का?

बिनशर्त_रिटर्न

सगळीकडे नको. मॅपरायटेबलस्टेट प्रत्येक नावासाठी गेट आणि सेट असलेला कम्प्युटेड बनवतो, त्यामुळे व्ही-मॉडेल चालेल. पण मग कुठलाही कंपोनंट कुठूनही स्टोअर बदलू शकतो आणि बदल कुणी केला ते शोधताना दमछाक होते. जिथे किंमत खरोखर अख्ख्या अ‍ॅपची आहे, उदाहरणार्थ थीम, भाषा किंवा शोधाचा फिल्टर, तिथे लावा. फॉर्मचा कच्चा मसुदा मुळात स्टोअरमध्ये असायलाच नको. तो कंपोनंटमध्ये स्थानिक रेफ म्हणून ठेवा आणि सबमिट झाल्यावर एका अ‍ॅक्शनने पाठवा. मसुदा स्टोअरमध्ये राहिला की ‘रद्द करा’ बटणाला परत जायला मूळ किंमतच उरत नाही.

मॅपरायटेबलस्टेटला मॅपस्टेटसारखी फंक्शनं देता येत नाहीत, फक्त नावं. आणि अ‍ॅरेमध्ये नुसतं पुश करायचं असेल तर तो लागतच नाही, साधा मॅपस्टेट पुरतो. अख्खा अ‍ॅरे नव्याने ठेवायचा असेल तरच सेट लागतो.

सेटअपमध्ये स्टोअरटूरेफ्सचे स्टेटवाले रेफ लिहिता येतात, त्यामुळे हाच प्रश्न तिथे न विचारताच उभा राहतो. वॉर्निंगसुद्धा येत नाही. तिथे शिस्त आपली आपणच पाळायची.

एकाच वेळी तीन-चार किमती बदलायच्या असतील तर $पॅच वापरा, म्हणजे $सबस्क्राइब आणि डेव्हटूल्समध्ये तो एकच बदल म्हणून दिसतो. ऑब्जेक्ट दिलं तर आतली साधी ऑब्जेक्ट्स खोलवर मर्ज होतात, अ‍ॅरे मात्र पूर्ण बदलला जातो. जुनी की काढून टाकायची असेल तर मर्जने ती निघणार नाही. फंक्शन देऊन आत डिलीट करा.

अर्धविराम

व्ही-मॉडेलबाबत सहमत. स्टोअर लिहितानाच कळाव्यात अशा काही गोष्टी जोडतो.

$रीसेट फक्त ऑप्शन्स पद्धतीच्या स्टोअरमध्ये आयता मिळतो. तिथे स्टेट हे फंक्शन असतं, ते पुन्हा चालवून सुरुवातीच्या किमती आणता येतात. सेटअप पद्धतीच्या स्टोअरमध्ये पिनियाला सुरुवातीची स्थिती कळायचा मार्ग नाही. डेव्हलपमेंटमध्ये तो एरर फेकतो, प्रॉडक्शनमध्ये काहीच करत नाही. लॉगआउटवर सगळी स्टोअर रीसेट करणारा हेल्पर लिहिणार असाल तर हे महत्त्वाचं, कारण आधीच्या युजरचा डेटा पुढच्याला दिसणं हा साधा बग नव्हे. सेटअप स्टोअरमध्ये $रीसेट नावाचं फंक्शन स्वतः लिहून रिटर्न करा.

सेटअप स्टोअरमधले सगळे रेफ रिटर्न केलेच पाहिजेत. लपवून ठेवलेला रेफ पिनियाच्या लेखी स्टेट नसतोच, आणि मग एसएसआर (पान सर्व्हरवर तयार करणं), डेव्हटूल्स आणि प्लगइन गडबडतात.

जड गणित मॅपस्टेटच्या फंक्शनमध्ये लिहू नका. तो कम्प्युटेड प्रत्येक कंपोनंटचा वेगळा असतो. यादीतल्या २०० ओळींचे २०० कंपोनंट असतील तर तेच फिल्टरिंग २०० वेळा होईल. गेटरमध्ये ठेवलं तर एकदाच होऊन सगळ्यांना मिळतं. अपवाद एकच: आर्ग्युमेंट घेणारा, म्हणजे फंक्शन परत करणारा गेटर. त्या आतल्या फंक्शनचं उत्तर कॅश होत नाही. आयडीवरून वस्तू शोधायला असा गेटर करायचा असेल तर आधी एका साध्या गेटरमध्ये आयडी-टू-वस्तू असा मॅप बनवा आणि या गेटरने फक्त त्यात बघायचं.

अ‍ॅक्शन टेम्पलेटमध्ये क्लिकवर नुसत्या नावाने लावली की पहिलं आर्ग्युमेंट म्हणून इव्हेंट ऑब्जेक्ट जातं. ‘पान क्रमांक दिला नाही तर १’ असा डीफॉल्ट लिहिलेली अ‍ॅक्शन मग पान क्रमांकाच्या जागी इव्हेंट घेऊन सर्व्हरकडे जाते. कंस लावून बोलवा. हे व्ह्यूएक्समध्येही होतं, फक्त तिथे लक्षात यायला उशीर लागतो.

तळटीप

कंपोनंटबाहेरच्या वापराचं राहिलं. राउटरच्या फाइलमध्ये वरच स्टोअर बोलावलं तर अ‍ॅपवर पिनिया लागायच्या आधीच ते चालतं आणि ‘अ‍ॅक्टिव्ह पिनिया नाही’ असा एरर येतो. बीफोरईचच्या कॉलबॅकच्या आत बोलवा. तोवर पिनिया लागलेला असतो. एसएसआर असेल तर पिनियाचा इन्स्टन्स आर्ग्युमेंट म्हणून द्या, आणि अ‍ॅक्शनमध्ये दुसरं स्टोअर लागत असेल तर ते पहिल्या अवेटच्या आधी घ्या, नाहीतर भलत्याच रिक्वेस्टचं स्टोअर हाती यायचं.

टेस्टमध्ये क्रिएटटेस्टिंगपिनिया वापरलात तर तो अ‍ॅक्शन्स आपोआप स्टब करतो, म्हणजे खऱ्याऐवजी काहीच न करणारी फंक्शनं ठेवतो. अ‍ॅक्शन बोलावली गेली, टेस्ट हिरवी, आणि स्टेट मात्र जिथल्या तिथे असं दिसलं की स्टबअ‍ॅक्शन्स फॉल्स करून पाहा. खुद्द स्टोअरची टेस्ट लिहिताना तो नकोच. प्रत्येक टेस्टच्या आधी क्रिएटपिनियाने नवा इन्स्टन्स करून सेटअ‍ॅक्टिव्हपिनियाला द्यायचा.